गोव्याच्या घामट हवेत फाउंडेशन गुळगुळीत बसवायचं आणि टिकवायचं कसं

पुण्या-दिल्लीच्या एसी स्टुडिओतले व्हिडिओ बघून केलेला बेस, म्हणजे चेहऱ्यावरचा फाउंडेशनचा थर, आपल्याकडे दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा का टिकत नाही, असं बऱ्याच जणी विचारतात. कारण हवा, दुसरं काही नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ३३-३४च्या फारसा वर जात नाही, विदर्भातले लोक ऐकून हसतील, पण हवेत आधीच एवढं बाष्प असतं की आलेला घाम उडूनच जात नाही, तो त्वचेवर तसाच थेंब धरून बसतो आणि फाउंडेशनच्या खालून वर येतो, मग वरचा थर सरकतो आणि सरकला की नाकाच्या बाजूला आणि हसल्यावर ज्या रेषा पडतात ना तिथे जाऊन जमा होतो. लोकांना वाटतं प्रॉडक्ट हलकं आहे म्हणून गेलं, मग पुढच्या वेळी आणखी जाड थापतात. उलट करायचं. जेवढा थर जाड तेवढा तो जास्त सरकतो. मी डिचोलीकडची, लग्नांचे मेकअप करते, आणि माझं सगळं काम दोनच गोष्टींवर चालतं, प्रॉडक्ट कमी आणि प्रत्येक थरानंतर थांबणं जास्त. खालचं सगळं त्याच हिशोबाने वाचा.

आधी शेड, कारण इथेच अर्धं काम बिघडतं

दुकानात मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर शेड लावून बघायची पद्धत सोडून द्या. हाताचा रंग आणि चेहऱ्याचा रंग वेगळा असतो, त्यात स्कूटर चालवणाऱ्या बायकांचा तर खूपच. शेड बघायची जबड्यावर, म्हणजे गाल संपून मान सुरू होते तिथे, तीन जवळजवळच्या शेडच्या बोटभर रेघा उभ्या ओढायच्या आणि दुकानातून बाहेर यायचं. खरंच बाहेर यायचं, कारण दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली सगळंच बरं दिसतं. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, तोवर चहा प्या, म्हापशात असाल तर बाजारात एक फेरी मारा. एवढा वेळ का, तर फाउंडेशनमध्ये रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे, लाल, पिवळा, काळा, आणि पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड. लावल्यावर त्यातलं पाणी आणि सिलिकॉन उडतं, चेहऱ्यावरचं तेल त्यात मिसळतं, आणि रंग साधारण अर्धी-एक छटा गडद होतो. ह्यालाच पार्लरवाल्या ऑक्सिडाइज झालं म्हणतात. तेलकट त्वचेवर जास्त होतं. मग पंधरा मिनिटांनी उजेडात जी रेघ दिसेनाशी झाली ती तुमची शेड.

अंडरटोनबद्दल, म्हणजे त्वचेच्या रंगाखालच्या पिवळ्या-गुलाबी झाकेबद्दल, खूप गोंधळ घातला जातो, मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या ते बघा वगैरे. सावळ्या त्वचेवर शिरा नीट दिसतच नाहीत, त्यामुळे ती टेस्ट आपल्याकडे फारशी कामाची नाही. त्यापेक्षा हे लक्षात ठेवा: लावल्यावर चेहरा राखाडी दिसला तर शेड जास्त फिकी किंवा जास्त गुलाबी आहे, भगवा दिसला तर जास्त पिवळी-लाल आहे. आपल्याकडे बऱ्याच जणींचा टोन पिवळसर किंवा थोडा हिरवट, ज्याला ऑलिव्ह म्हणतात तसा असतो, आणि गुलाबी बेसचं फाउंडेशन त्यावर हमखास राखाडी पडतं. पूर्वी दुकानात चार-पाच शेडच असायच्या, काय मिळेल ते घ्यायचं. २०१७ साली फेंटी ब्यूटीने एकदम ४० शेड बाजारात आणल्या तेव्हापासून बाकीच्या कंपन्यांनाही रेंज वाढवावी लागली, आता आपल्या रंगाचं मिळतं, शोधायचा कंटाळा करू नका. आणि अगदी नाहीच मिळालं तर एक फिकी आणि एक गडद अशा दोन घेऊन मिसळा, मी तर वर्षभर तेच करते कारण मेमधला रंग आणि ऑगस्टमधला रंग एक नसतो.

आता नवरीबद्दल एक गोष्ट, जी व्हिडिओत कोणी सांगत नाही. हळद. हळद लावून झाल्यावर एक-दोन दिवस चेहऱ्याला पिवळी झाक राहते, मानेला आणि कानामागे तर जास्तच, कारण तिथे कोण नीट घासून धूत नाही. त्यामुळे महिनाभर आधी ट्रायलला जुळलेली शेड लग्नाच्या सकाळी चेहऱ्यावर वेगळीच दिसते. म्हणून मी किटमध्ये त्या शेडच्या बाजूची एक किंचित पिवळी शेड ठेवतेच आणि सकाळी परत जबड्यावर बघते.

आणि हो, आईलोक. मेकअप चालू असताना मागे येऊन उभ्या राहतात आणि म्हणतात, "बाय, जरा गोरी दिसू दे गे तिला." मी हसून हो म्हणते आणि शेड बदलत नाही. दोन शेड फिकं लावलं की चेहरा एकीकडे, मान एकीकडे, आणि फोटोत हात तिसऱ्याच रंगाचे. चेहरा उजळ दिसायला हवा असेल तर डोळ्यांखाली आणि कपाळाच्या मध्ये कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं दाट क्रीम, एक छटा फिका घ्या, तेवढं पुरतं, आणि आईसुद्धा खूश होते.

आदल्या आठवड्यात

फेशियल, ब्लीच जे काय असेल ते चार-पाच दिवस आधी उरका, थ्रेडिंग दोन दिवस आधी. त्याच दिवशी थ्रेडिंग केलं की वरच्या ओठावर फाउंडेशन ठिपके ठिपके बसतं. नवीन कुठलंही प्रॉडक्ट कानामागे लावून एक दिवस बघा. ओठांच्या कडेला आणि नाकाजवळ सालं निघत असतील तर आदल्या रात्री हलकं स्क्रब नाहीतर ओल्या मऊ कपड्याने पुसणं, बस. सालावर कितीही महाग फाउंडेशन लावा, ते साल आणखी उठून दिसणार.

चेहरा तयार करणं

आंघोळ करून लगेच मेकअपला बसू नका, अंग अजून गरम असतं, घाम येतच राहतो. पंख्याखाली पंधरा मिनिटं बसा. मग थंड पाण्याने तोंड धुवा, टिपून घ्या. बर्फ फिरवायचा असेल तर कपड्यात गुंडाळून मिनिटभर फक्त, थेट चेहऱ्यावर चोळू नका.

मॉइश्चरायझर. तेलकट त्वचेवाल्या इथे हमखास टाळाटाळ करतात. लावायचंच, पण जेल घ्यायचं, वाटाण्याएवढं पुरे. मग सनस्क्रीन. फाउंडेशनमध्ये एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) आहे म्हणून सनस्क्रीन नको, हा हिशोब चुकीचा आहे, कारण लॅबमध्ये एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढं प्रॉडक्ट लावतात आणि तेवढं फाउंडेशन कोणी चेहऱ्यावर लावलं तर मुखवटाच होईल. दोन बोटांवर रेघ ओढून येतं तेवढं सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला. आणि आता थांबा. दहा मिनिटं तरी. भिंतीला पहिला हात ओला असताना दुसरा मारला की पोपडे धरतात ना, तसंच इथे होतं, वरचं फाउंडेशन घासताना बारीक बारीक गोळ्या निघायला लागतात. संध्याकाळचं रिसेप्शन असेल, ऊन नसेल आणि फ्लॅशचे फोटो असतील तर सनस्क्रीन वगळलं तरी चालेल, उलट झिंक नाहीतर टायटॅनियमवालं सनस्क्रीन फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा करतं.

गोळ्या निघण्याचं दुसरं कारण म्हणजे प्रायमर, फाउंडेशनच्या आधी त्वचा सपाट करायला लावतात तो, आणि फाउंडेशन ह्यांची जात वेगळी असणं. बाटलीमागे घटकांची यादी असते ती वाचा, पहिल्या चार-पाच नावांत डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन असं शेवटी कोन किंवा सिलोक्सेन येणारं काही दिसलं तर ते सिलिकॉनवालं. सिलिकॉनवर सिलिकॉन, पाण्यावर पाणी. आपल्या हवेत मला सिलिकॉनवालंच जास्त टिकलेलं दिसलंय. प्रायमर चेहराभर फासायची गरज नाही, नाकाच्या बाजूला जिथे रंध्रं मोठी असतात तिथे, कपाळाच्या मध्ये आणि हनुवटीवर, बोटाने दाबून. घासून नाही, दाबून. अँटीपर्स्पिरंट कपाळाला लावायचे रील हल्ली फिरतायत, कृपा करून नको, काखेसाठी बनवलेली वस्तू आहे ती.

करेक्टर, फक्त हवा असेल तर

डोळ्यांखाली काळं असेल, तोंडाभोवती काळपट असेल तर फाउंडेशनच्या आधी नारिंगी करेक्टर, गव्हाळ त्वचेला पीच. अगदी पातळ, मोहरीएवढा, फक्त काळ्या भागावर. कडा बोटाने विरवायच्या. लाल पुरळावर हिरवा. हे नीट जमलं की वरून फाउंडेशन कितीतरी कमी लागतं, म्हणून हा पाच मिनिटांचा खेळ मी सोडत नाही. डाग नसतील तर सरळ पुढे जा.

आता फाउंडेशन

हाताच्या पाठीवर एक पंप काढा. एकच. आमच्याकडे जत्रेच्या नाटकात काम करणाऱ्यांना अजूनही पॅनकेकच ठाऊक, १९३०च्या दशकात मॅक्स फॅक्टरने रंगीत सिनेमासाठी काढलेला तो प्रकार, ओल्या स्पंजने फासायचा आणि रात्रभर लांबून दिसला पाहिजे. स्टेजला ते ठीकच आहे, प्रेक्षक वीस फुटांवर. पण लग्नात मावशी एक फुटावरून तोंड बघते. स्टिक फाउंडेशनचंही तसंच, क्रायोलन कंपनीची टीव्ही पेंट स्टिक बहुतेक ब्रायडल किटमध्ये असते, नावातच टीव्ही आहे, कव्हरेज भरपूर, पण सकाळच्या मुहूर्ताला बिनएसीच्या हॉलमध्ये मी ती फक्त डागांवर ठिपक्यासारखी वापरते, बाकी चेहऱ्याला पातळ लिक्विड.

स्पंज पाण्यात पूर्ण भिजवायचा, फुगला की पिळायचा, मग टॉवेलात गुंडाळून परत पिळायचा. हाताला गार लागला पाहिजे, ओला लागता कामा नये. जास्त ओला राहिला की फाउंडेशन पातळ होऊन पट्टे पडतात, कोरडा वापरला तर निम्मं प्रॉडक्ट तोच पिऊन टाकतो.

सुरुवात गालाच्या मधल्या भागापासून, नाकाजवळून कानाकडे. हाताच्या पाठीवरचं प्रॉडक्ट स्पंजने थोडंसं उचलायचं आणि टिपत टिपत बाहेर जायचं, ओढायचं नाही. कडेला पोहोचेपर्यंत स्पंजवरचं संपत आलेलं असतं आणि तेच हवं असतं, कारण केसांच्या आणि जबड्याच्या कडेला फाउंडेशन जवळजवळ नसल्यासारखं पाहिजे. केसांची रेघ सुरू होते तिथे बोटभर जागा मी मुद्दाम मोकळी सोडते, घाम पहिला तिथूनच उतरतो आणि तिथलं फाउंडेशन गालावर ओघळ आणतं. दोन्ही गाल झाले की कपाळ, मग हनुवटी, आणि नाक सगळ्यात शेवटी, स्पंजवर उरलंसुरलं जे असेल तेवढंच नाकाला. नाकावर नवीन प्रॉडक्ट घेतलं की ते तासाभरात फुटणार म्हणजे फुटणारच. पापण्यांवर, कानाच्या पाळीवर आणि मानेवर हलका हात फिरवायला विसरू नका, नवरीच्या कानात मोठं काहीतरी असतं आणि फोटोग्राफर नेमका बाजूने फोटो काढतो.

आता दोन-तीन मिनिटं काही करू नका. मग खिडकीजवळ किंवा बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, जाऊन उजेडात बघा. जिथे अजून त्वचेचा डाग दिसतोय फक्त तिथेच दुसरा थर, बाकीचा गाल बरा दिसत असेल तर त्याला हात लावू नका. दुसरा थर चेहराभर लावायचा मोह सगळ्यांना होतो.

ब्रशने करायचं असेल तर दाट, सपाट डोक्याचा बफिंग ब्रश, गोल गोल हलक्या हाताने, आणि शेवटी स्पंजने एकदा टिपून घ्या म्हणजे ब्रशच्या रेघा जातात. बोटांनीही चांगलं होतं, बोटांच्या उष्णतेने क्रीम त्वचेत मिसळतं, फक्त हात स्वच्छ पाहिजेत. रोज ऑफिसला जाताना मी बोटांनीच लावा म्हणते, सकाळी स्पंज भिजवत कोण बसणार.

कन्सीलर फाउंडेशननंतर, कारण आधी लावला तर स्पंजने तो उचलला जातो. डोळ्यांखाली आतल्या कोपऱ्यात एक ठिपका आणि बाहेरच्या कोपऱ्यात एक ठिपका, अख्खा त्रिकोण रंगवू नका. अर्धा मिनिट सुकू द्या, मग टिपा.

आणि आता जे सांगते ते नक्की करा. पावडर लावायच्या आधी नवरीला हसवा, बोलायला लावा, वर बघायला सांगा, दोन वेळा डोळे मिचकवायला सांगा. नाकापासून ओठाकडे येणाऱ्या रेषेत आणि डोळ्यांखाली बारीक घड्यांत फाउंडेशन जमलेलं दिसेल. ते स्वच्छ बोटाने हलकेच दाबून सपाट करायचं आणि त्याच क्षणी त्यावर पावडर. आधी पावडर आणि मग घडी सपाट करायला गेलात तर चरा पडतो आणि तो दिवसभर राहतो.

पावडर

ब्रशने उडवायची नाही, पफने दाबायची. पफवर थोडी पावडर घ्या, पफ दुमडून आपल्यातच चोळा म्हणजे ती आत बसते, मग चेहऱ्यावर दाबत जा. नाक, वरचा ओठ, कपाळाचा मध्य, हनुवटी ह्या जागी नीट, गालांवर नावापुरती. वरच्या ओठावर दोनदा, घाम पहिला तिथे दिसतो. जिथे मुंडावळी कपाळावर टेकते ती रेघ पण दाबून घ्या, नाहीतर सोडताना तिथला पट्टा निघून येतो. सावळ्या रंगाला पांढरी ट्रान्सलुसंट पावडर नको, पिवळसर किंवा आपल्या रंगाची घ्या, आणि सिलिका जास्त असलेली एचडी पावडर घेतली असेल तर आधी मोबाईलच्या फ्लॅशमध्ये एक फोटो काढून बघा, डोळ्यांखाली पांढरे चट्टे दिसले तर झटकून कमी करा. बेकिंग म्हणजे पावडरीचा ढीग ठेवून दहा मिनिटांनी झटकणं, ते पस्तिशीच्या पुढे डोळ्यांखाली अजिबात करू नका.

सेटिंग स्प्रे हातभर लांबून, डोळे-तोंड मिटून, आणि पंख्याखाली पूर्ण सुकेपर्यंत थांबणं. खूप घाम येणारी असेल तर स्प्रे, सुकला की पातळ पावडर, परत स्प्रे असं करते मी.

घरातून निघाल्यावर

फाउंडेशन लावून हेल्मेट घालून जायचं असेल तर गालाच्या पॅडला सगळं पुसलं जाणार, ह्याला उपाय नाही. किट पिशवीत घ्या आणि तिथे पोहोचून लावा. हेल्मेट मात्र घालाच. पावसाळ्यात तर हेच बरं, कारण रेनकोटच्या आत जो घाम येतो तो पावसापेक्षा वाईट.

लग्नात होमाजवळ बसल्यावर धुराने डोळ्यांतून पाणी येतं, नवरीला आधीच सांगून ठेवा की पुसायचं नाही, टिशूचा कोपरा खालच्या पापणीला टेकवायचा, तो पाणी ओढून घेतो. टचअपचंही तेच तत्त्व: आधी टिशू चेहऱ्यावर दाबून घाम आणि तेल काढा, मग पावडर. ओल्यावर थेट पावडर दाबली की पिठाचे ठिपके उठतात आणि ते काही केल्या बसत नाहीत. पर्समध्ये टिशू, एक छोटा पफ आणि थोडी पावडर एवढंच पुरतं, फाउंडेशनची बाटली सोबत घेऊन फिरू नका. फुटलंच कुठे, नाकाजवळ बहुतेक, तर बोटावर थेंबभर मॉइश्चरायझर घेऊन तेवढी जागा पुसा, कोरडी होऊ द्या आणि कन्सीलरचा एक ठिपका.

मोरजी-आश्वेला समुद्रावर फोटोशूट असेल तर ड्युई, म्हणजे ओलसर चमकणारं, फिनिश हवंय म्हणून हट्ट करू नका, चिकट चेहऱ्यावर वाळू बसते. गालाच्या हाडावर थोडी चमक ठेवा, बाकी मॅट.

रात्री काढताना आणि सामान ठेवताना

कितीही दमलात तरी काढून झोपा. आधी क्लेन्झिंग बाम किंवा मायसेलर वॉटर, मग नेहमीचा फेसवॉश. घरचं खोबरेल सगळ्यात सोयीचं, मलाही मान्य आहे, पण पुटकुळ्या येणाऱ्या त्वचेला ते रंध्रं बुजवतं, त्यांनी टाळा.

स्पंज प्रत्येक वापरानंतर साबणाने धुवा, पिळल्यावर पाणी स्वच्छ येईपर्यंत. तो ओला असताना डबीत किंवा पाऊचमध्ये बंद करायचा नाही, जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर मुळीच नाही, दोन दिवसांत आत काळे ठिपके धरतात. बाहेरून स्वच्छ दिसला तरी मधून कापून बघा, बुरशी आतून सुरू होते. ठिपका दिसला की फेकून द्या, धुऊन जात नाही ते, आणि ठिपका नसला तरी तीनेक महिन्यांनी बदला. पावसात मी पंख्यासमोर जाळीवर सुकवते. बाटलीवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात १२ एम असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहून ठेवा. आणि स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हातल्या गाडीत फाउंडेशन ठेवू नका, तेल आणि रंग वेगळे होतात आणि मग कितीही हलवलं तरी चेहऱ्यावर ते एकसारखं बसत नाही.